सर, हे किती मार्कांना?

इंजिनिअरिंग कॉलेजात कुठलीही गोष्ट परिपत्रकाने सुरू होते आणि जिओ-टॅग फोटोने संपते. मधे जे काही घडतं ते ऐच्छिक. आमचं परिपत्रक असं होतं : 'नवप्रविष्ट विद्यार्थ्यांमध्ये संघभावना, नेतृत्वगुण व निसर्गप्रेम निर्माण करण्याच्या हेतूने किल्ले राजगड येथे साहसी उद्बोधन सहल आयोजित करण्यात येत आहे. निसर्गप्रेमाचे छायाचित्र फ्लेक्ससह व जिओ-टॅगसह सायंकाळी पाचपर्यंत अपलोड करावे.' खाली समन्वयक म्हणून माझं नाव. मी एम-वन म्हणजे पहिल्या सेमचं गणित शिकवतो. चढाशी माझा संबंध डीवाय बाय डीएक्सपुरता. पण 'सर, या सेमला तुमचं लोड जरा कमी आहे' हे वाक्य विभागप्रमुखांच्या तोंडून एकदा बाहेर पडलं की ब्रह्मदेवाचाही इलाज चालत नाही.

कल्पना तशी नवी नाही. नाविक पोरांना समुद्रात तग धरता यावा म्हणून कुर्ट हान नावाच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या मास्तराने १९४१ साली वेल्समध्ये आउटवर्ड बाउंडची शाळा काढली. महायुद्ध चालू होतं, जहाजं बुडत होती. आमच्याकडे पहिल्या सेमिस्टरला बुडणाऱ्यांची संख्या पाहता ही कल्पना इथे पोचायला उशीरच झाला म्हणायचा. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं डार्टमथ कॉलेज तर १९३५ पासून नव्या पोरांना वर्ग सुरू होण्याआधीच डोंगरात धाडतं. लहान लहान गट करायचे आणि प्रत्येक गट वरच्या वर्गातल्या पोरापोरींच्या हवाली करायचा, अशी तिथली रीत. मूसिलॉक डोंगरापाशी कॉलेजचं लाकडी लॉज आहे. तिथे या पोरांना हिरव्या रंगाची अंडी खाऊ घालायची जुनी प्रथा आहे, कारण 'ग्रीन एग्ज अँड हॅम' लिहिणारे डॉ. स्यूस त्याच कॉलेजातून १९२५ साली बाहेर पडले. आपल्याकडे एआयसीटीईने २०१७ साली तीन आठवड्यांचा स्टुडंट इंडक्शन प्रोग्राम आणला. त्यात खेळ, कला, मूल्यशिक्षण आणि परिसरातल्या ठिकाणांना भेटी असं सगळं आहे. बहुतेक कॉलेजांत ते एकाच सभागृहात, एकाच माइकवर उरकतात. आमच्या प्राचार्यांनी निदान राजगड म्हटलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

सप्टेंबरातली ओली पहाट, तीन बस, दीडशे पोरं आणि त्यांना सोडायला आलेले तीनशे पालक. संमतिपत्रात 'दरीत पडल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही' असं कलम होतं. त्यावर कुणीही हरकत घेतली नव्हती. हरकत होती ती खिडकीवर. "सर, याला गाडी लागते, खिडकी द्या." बसला खिडक्या किती असतात हा काही एम-वनचा प्रश्न नव्हे, पण दीडशे पोरांना गाडी लागणार आणि दीडशेंना खिडकी हवी, हे उदाहरण सुटणारं नव्हतं.

बस सुटली आणि ओळखी सुरू झाल्या. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात आधी प्रवेशाचा राउंड आणि पर्सेंटाइल विचारायचं असतं, नाव मागाहून.

"कितवा राउंड?"

"दुसरा. तू?"

"पहिलाच. नव्व्याण्णव पॉइंट एक."

यावर शेजारचा गप्प झाला तो चेलाडी फाटा आला तरी गप्पच. त्याच्या मागे उदगीरहून आलेलं एक किडकिडीत पोर मांडीवर भलीमोठी पिशवी घेऊन बसलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. फाट्यावर वडापाव झाले. तिथेही नव्व्याण्णववाले एका टेबलावर आणि मॅनेजमेंट कोट्यातले दुसऱ्या, अशी पंगत आपोआप लागली. मार्गासनी, साखर करत गुंजवण्यात उतरलो तेव्हा अंगात संघभावना आहे असे फक्त बसचे ड्रायव्हर दिसत होते. तिघांनी मिळून एकच विडी पेटवली.

गुंजवण्याच्या शाळेपुढे आइस-ब्रेकर झाले. हे खेळ घेण्याचं प्रशिक्षण फिजिक्सच्या मॅडमनी ऑनलाइन घेतलेलं होतं. पहिला खेळ : प्रत्येकाने स्वतःबद्दल दोन खरी आणि एक खोटी गोष्ट सांगायची, खोटी कुठली ते बाकीच्यांनी ओळखायचं. पहिला पोरगा म्हणाला, "मला दोन बहिणी आहेत. मला पोहता येतं. मला लहानपणापासून सिव्हिललाच जायचं होतं." सगळे एका सुरात ओरडले, "तिसरं!" पुढच्या वीस पोरांनी फक्त ब्रँच बदलली. दुसरा खेळ ट्रस्ट फॉल. डोळे मिटून मागे पडायचं, गट झेलतो. मेकॅनिकलचं एक खात्यापित्या घरचं पोर डोळे मिटून उभं राहिलं, तसा त्याचा गट डोळे उघडे ठेवून दोन पावलं मागे सरकला. मॅडम म्हणाल्या, "विश्वास ठेवा!" पोर म्हणालं, "मॅडम, मी ठेवलाय, त्यांना सांगा." तेवढ्यात मागून तो प्रश्न आला, जो सगळ्या शिक्षणाच्या मुळाशी आहे.

"सर, हे किती मार्कांना?"

वर्कशॉपचे सर इतिहासप्रेमी. त्यांनी तो प्रश्न अंगावर घेतला. "समोर बघ. याचं जुनं नाव मुरुंबदेवाचा डोंगर. इथे सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी होती. १६६५ ला पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले गेले, पण हा महाराजांनी हातचा सोडला नाही. १६६६ ला आग्र्याहून सुटले ते इथेच परत आले. तेव्हा निघताना त्यांनी विचारलं होतं, किती मार्कांना?" पोरगा वरमला. त्याच्या मित्राने हळूच विचारलं, "म्हणजे इंटर्नलला नाहीये ना?"

चढायला सुरुवात करणार तोच वाट दाखवायला आलेले गावातले बाबा पुढे झाले. पोरांकडे तोंड करून त्यांनी दोनदा नाक ओढलं. "बालेकिल्ल्याला आग्या मोहोळं हायेत. सेंटाचा वास त्यांना खपत न्हाय. ज्यानं सेंट मारलाय त्यानं माचीवरच थांबायचं. उगा वर येऊ नगा." सन्नाटा. बसमध्ये डिओचे डबे एकमेकांवर रिकामे झालेले मी स्वतः हुंगले होते. मग हापशावर गर्दी उसळली. पोरं काखा धूत होती, शर्ट उलटे घालत होती, कुणी कुणाला हुंगून दाखला देत होतं. बाबांनी रांग लावून एकेकाचा वास घेतला आणि शेवटी जी पोरं बालेकिल्ल्याला पात्र ठरली ती सगळी हॉस्टेलची. पहाटे पाणी न आल्यामुळे त्यांनी आंघोळच केली नव्हती. त्यांतली काही पोरं कुठल्याही गुणवत्ता यादीत पहिल्यांदाच वर आली असावीत.

आता चढ. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट आधी झाडीतून जाते, मग सोंडेवर येते आणि शेवटी सरळ कातळाला भिडते. पाऊस भुरभुरत होता. दोन्ही अंगांना सोनकी पिवळीधमक आणि तेरडा गुलाबी फुललेला. मॅडमना निसर्गप्रेम झालं. मला धाप लागली. पंधरा मिनिटांत प्राध्यापकवर्ग मागे पडला, पोरं पुढे गेली आणि सगळ्या पलटणीचा ताबा एनएसएसच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरापोरींनी घेतला. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. दहा-दहा जणांचा घोळका करून ते चालू पडले, एवढंच. परिपत्रकात मुख्य पथक म्हणून नोंदलेले आम्ही चौघे एका दगडावर बसून पोरं दिसेनाशी होताना बघत राहिलो.

खालून एक मावशी आली. डोक्यावर ताकाचा हंडा, हातात दह्याची मडकी, पायात प्लास्टिकची चप्पल. वर्कशॉपच्या सरांच्या पायात सात हजारांचे ट्रेकिंग शूज होते आणि ते शूज त्या क्षणी विश्रांती घेत होते.

"वाईच ताक घ्या सर, हुरूप येतो," मावशी म्हणाली.

"मावशी, रोज चढता?"

"न चढून काय करू? गिऱ्हाईक वर असतंय."

ताक पिऊन आम्ही पुन्हा उभे राहिलो. मावशी आमच्याआधी वर पोचली, हे सांगायला नकोच.

कातळाच्या टप्प्याशी रेलिंग आहे. तिथे आमचा नव्व्याण्णव पॉइंट एक अडकला होता. दोन्ही हातांनी लोखंडाला मिठी, डोळे गच्च मिटलेले, आणि मागे चाळीस पोरांची रांग. कुणी हसत नव्हतं, कारण प्रत्येकाला आपली पाळी दिसत होती. त्याच्या वरच्या खोबणीत जुन्नरकडची एक मुलगी उभी होती. बूट काढून तिने लेस एकमेकींत बांधल्या होत्या आणि ते गळ्यात अडकवले होते.

"खाली बघू नको," ती म्हणाली, "वरही बघू नको. माझ्या टाचा बघ. मी जिथून पाय उचलीन तिथे तुझा पाय ठेव."

"घसरेल."

"घसरला तर मागचा धरेल. ए मागच्या, धरशील ना?"

मागे ट्रस्ट फॉलवालं मेकॅनिकलचं पोर होतं. "धरतो की," ते म्हणालं आणि त्याने दोन्ही पाय रोवले. या वेळी कुणी मागे सरकलं नाही, सरकायला जागाच नव्हती. टाचेमागे पाऊल, टाचेमागे पाऊल, असे ते चोर दरवाजाच्या आत गेले. मॅडमचं ऑनलाइन प्रशिक्षण जे करू शकलं नाही ते राजगडाच्या कातळाने फुकटात करून दिलं.

पद्मावती माचीवर पोचलो आणि पाऊस कोसळला. भुरभुर वगैरे नाही, मावळातला पाऊस. छत्र्या उलटल्या, रेनकोट फाटले. तेव्हा कॉम्प्युटरचा एक आणि सिव्हिलचा एक अशा दोघांनी खांद्यावरून वर आणलेला फ्लेक्स कामी आला. 'साहसी उद्बोधन सहल, हार्दिक स्वागत' अशी बारा फुटी ओळ, वर प्राचार्यांचा हसरा फोटो. पोरांनी तो चारी कोपऱ्यांना धरून डोक्यावर ताणला आणि खाली पंचवीसजण दाटीवाटीने बसले. एका टोकाला मीही डोकं खुपसलं. माझ्या डोक्यावर कानटोपी आणि अंगावर कुणाचा तरी पोंचो होता, त्यामुळे मी ओळखू येत नव्हतो.

आणि तिथे खरं उद्बोधन सुरू झालं. व्याख्याती दुसऱ्या वर्षाची एक ताई.

"मेसमध्ये गुरुवारी जेवायचं नाही. फाइल आदल्या रात्री लिहायची नाही, सगळा मजला जागा असतो आणि पेन मिळत नाही. नोट्स गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतात, पण युनिट तीन चुकीचं आहे, ते माझ्याकडून घ्या. विषय राहून केटी लागली तर घरी लगेच सांगा. मी दोन महिने सांगितलं नव्हतं, ते दोन महिने फार वाईट गेले."

सगळे गप्प झाले. मग उदगीरच्या पोराने, सकाळपासून पहिल्यांदाच, तोंड उघडलं. "ताई, इंग्लिशमधून काही समजलं नाही तर?"

"पहिला महिना कुणालाच समजत नाही. समजल्यासारखी मान हलवणारे जास्त गोत्यात येतात. हात वर करून विचारायचं."

"आणि एम-वनचे सर?"

मी पोंचो पुढे ओढला.

"लिमिट सर? चांगले आहेत. मार्क शून्याकडे टेंड करतात, पण शून्य देत नाहीत."

पंचवीसजण हसले. मीही हसलो, कारण व्याख्या निर्दोष होती.

उदगीरच्या पोराने तेव्हा आपली पिशवी उघडली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सुके मोजे, जोडच्या जोड. आईने 'पुण्याकडे पाऊस फार' म्हणून भरून दिले होते. ओल्या पायांचे पंचवीस इंजिनिअर त्या पिशवीकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने त्यांनी आजवर एकाही पर्सेंटाइलकडे पाहिलं नसेल. नव्व्याण्णव पॉइंट एकने विचारलं, "एक जोड देतोस का?" आणि मग, बस सुटल्यापासून पहिल्यांदाच, "नाव काय रे तुझं?"

पाऊस थांबल्यावर हॉस्टेलची पोरं बाबांसोबत बालेकिल्ला बघून आली आणि दरीवरून कसं दिसतं ते बाकीच्यांना तिखटमीठ लावून सांगत राहिली. मधमाश्यांनी कुणालाही विचारलं नाही. खाली गुंजवण्यात पिठलं-भाकरी, ठेचा आणि कांदा तयार होता. भाकऱ्या थापणाऱ्या काकूंच्या चुलीभोवती पोरं मोजे वाळवत बसली. या पंगतीत कोण कुठल्या राउंडचा ते मला ओळखता आलं नाही. अहवालात ही गोष्ट कुठल्या रकान्यात लिहायची तेही कळलं नाही, कारण रकाना 'साध्य झालेले कोर्स आउटकम' असा होता.

माझं मत विचाराल तर या सहली जरूर काढाव्यात, पण जुन्या डोंगरी कॉलेजांनी जे ओळखलं ते आपणही ओळखावं. नव्या पोराला कॉलेज कळायला प्राचार्यांचं भाषण लागत नाही, त्याच्याहून एक वर्षाने मोठं कुणीतरी लागतं, तेही दहाजणांच्या घोळक्यात आणि मास्तर ऐकत नसताना. आम्हा प्राध्यापकांना पायथ्याशी पिठल्याची व्यवस्था बघायला ठेवावं. ते काम आम्ही मनापासून करू. आणि पालकांना एवढंच सांगणं : खिडकीसाठी भांडू नका, संमतिपत्रावर सही करा आणि पिशवीत सुक्या मोज्यांचे दोन जोड जास्तीचे टाका. एक तुमच्या लेकरासाठी, दुसरा ज्याचं नाव त्याला अजून माहीत नाही त्याच्यासाठी.