माणशी अठरा पैसे

माझ्या खाजगी माहितीचा भाव अठरा पैसे आहे, हे कळल्यापासून माझी घरातली पत घसरली आहे. हिशेब मीच केला, त्यामुळे तक्रारही कुणाकडे करता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये स्टार हेल्थ या चेन्नईच्या विमा कंपनीकडे एका हॅकरने ६८ हजार डॉलरची खंडणी मागितली. ३.१ कोटी ग्राहकांची माहिती आपल्या हाती लागली आहे, असा त्याचा दावा. सप्टेंबरात तर टेलिग्रामवरच्या बॉटला विचारलं की नाव, पत्ता, फोन, आजारपणाचे रिपोर्ट, सगळं बाहेर. ६८ हजार डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण ५७ लाख रुपये. भागिले ३.१ कोटी. माणशी अठरा पैसे. चौघांचं कुटुंब बहात्तर पैशांत. कुर्ला स्टेशनबाहेर एवढ्यात आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा निघत नाही.

आमचा विमा त्या कंपनीचा नाही, पण अपमान करून घ्यायला ग्राहकच असावं लागतं असं थोडंच आहे? आयुष्यभर मी एका समजुतीवर जगलो की माझ्या भानगडींत कुणालातरी रस आहे. एटीएमसमोर मी असा वाकून उभा राहतो की मागच्याला वाटावं, याला पोटात कळ आली आहे. फोन टेबलावर पालथा ठेवतो. बायको म्हणते, "उताणा ठेवलात तरी दूधवाल्याचाच मेसेज दिसणार आहे." ती असं म्हणते, कारण तिने माझं पासबुक पाहिलं आहे. मला मात्र वाटायचं, कुठल्यातरी थंड देशात बसून एखादा हॅकर माझी साखर किती हे बघतो आणि सहकाऱ्याला म्हणतो, "माणूस वजनदार दिसतो." वजनही त्याच रिपोर्टात असतं म्हणा.

घराचं संरक्षण खातं मी माझ्याकडे घेतलं ते त्याआधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये. १४ तारखेला टाटा पॉवरने शेअर बाजाराला कळवलं की आपल्या काही संगणक यंत्रणांवर सायबर हल्ला झाला आहे. मुंबईचे दिवे चालू होते, पंखे फिरत होते, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. महिनाअखेरीस 'हाइव्ह' नावाच्या टोळीने आपल्या साइटवर माल मांडायला सुरुवात केली, आणि त्यात कर्मचाऱ्यांचे आधार क्रमांक, पॅन आणि पगार निघाले. या टोळ्यांची पद्धत ठरलेली असते. आधी फायलींना कुलूप घालायचं आणि किल्लीचे पैसे मागायचे, नाही दिले तर घरातलं सगळं चव्हाट्यावर आणायचं. आधार, पॅन एक वेळ ठीक, पण पगार? मराठी माणूस लोकलमध्ये अनोळखी माणसाला स्वतःचा मूळव्याध सांगेल, पगार सख्ख्या भावाला सांगणार नाही. गंमत म्हणजे त्या वर्षीच्या जुलैपासूनच अमेरिकेची एफबीआय या हाइव्हच्या यंत्रणेत गुपचूप शिरून बसली होती. जानेवारी २०२३ मध्ये टोळीचं दुकान बंद झालं. दुकान बंद झालं, म्हणून विकलेला माल परत येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, खाजगीपणाची एवढी चाड कुर्लेकराला कधीपासून? प्रश्न रास्त आहे. ज्या गावाने रेल्वेचा चार्ट पाहिला आहे, त्याने हॅकरला काय घाबरायचं?

चार्ट म्हणजे रिझर्वेशनचा चार्ट. लोकमान्य टिळक टर्मिनसला आम्ही अजून 'कुर्ला टर्मिनस'च म्हणतो. तिथे नेत्रावती एक्स्प्रेस लागली की डब्याच्या दाराशेजारी खळीने ओला कच्च कागद चिकटवलेला असायचा. अक्षरं फिकट, कडेला भोकांची पट्टी, एक कोपरा हमखास सुटलेला. सीट नंबर, नाव, लिंग, वय, कुठून कुठे. अख्ख्या डब्याची जनगणना. बाबा त्यावर बोट ठेवून वरून खाली येत, आणि आपलं नाव सापडल्यावरही थांबत नसत, उरलेला डबा वाचून संपवत. कारण चार्ट नुसता बघायचा नसतो, त्याचा अर्थ लावायचा असतो. एकाच आडनावाची तीन माणसं, पुरुष ५६, स्त्री ५१, स्त्री २४: मुलगी आईबापांबरोबर, म्हणजे लग्न व्हायचं आहे. पुरुष २९, स्त्री २५, आडनाव एक, तिकीट मडगावपर्यंत: झालेलं आहे, नुकतंच. पुरुष ४८, एकटा, खालचा बर्थ: हा वरच्या बर्थवर जायला नाही म्हणणार. पनवेल यायच्या आत बाबा त्या चोविशीतल्या मुलीच्या वडिलांशेजारी बसून "आपण रत्नागिरीतले कुठले?" विचारत असत. चिपळूणपर्यंत मुलीचं शिक्षण, नोकरी, रास आणि गोत्र बाबांच्या डायरीत. आज यालाच डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतात आणि त्याचे लाखांनी पगार मिळतात. बाबांना वाटेत एक वडा मिळायचा.

आमच्या मावशीचं वय हे घराण्यातलं सर्वांत कडेकोट गुपित होतं. मग रेल्वेने बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निम्म्या भाड्याची सवलत दिली. मावशी पेचात पडली. अभिमान एकीकडे, अर्धं तिकीट दुसरीकडे. मावशी कोकणातली, तेव्हा काय जिंकलं ते सांगायला नको. फॉर्मवर तिने प्रथमच खरं वय लिहिलं, आणि रेल्वेने ते एस-७ डब्यावर चिकटवून तिच्या नणंदेला वाचायला दिलं. सवलतीच्या बदल्यात माहिती द्यायची आणि ती भलत्याच्या हाती पडायची, हा धंदा मोबाइलच्या अ‍ॅपवाल्यांनी शोधलेला नाही. १ मार्च २०१८ पासून मोठ्या स्टेशनांवर डब्यांना चार्ट चिकटवणं बंद झालं, कारण कागद वाचवायचा होता. मावशीची अब्रू हे कारण कुणीच दिलं नाही.

पण त्या चार्टात एक न्याय होता. माझं वय वाचणारा दोन ओळी खाली स्वतःच छापलेला असायचा. बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं लागतात, पण ती लावणाऱ्या सेक्रेटरीचंही दोन वर्षांपूर्वी काय थकलं होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला माझं माहीत, मला त्याचं माहीत. या समतोलावर आमचं कुर्ला टिकून आहे. विमा कंपनीचं तसं नाही. तिला माझ्या बायकोचं सोनोग्राफीचं निदान माहीत असतं. मला मात्र ते कुठल्या संगणकावर आहे, कोण बघतं, कुलूप कोणी लावलं, यातलं काही विचारायची सोय नाही. आणि हे आम्ही हौसेने दिलेलं नाही. 'सर्व रकाने भरणे बंधनकारक', म्हणून दिलं आहे.

राग येतो तो इथे. माहिती हरवते त्यांच्या हातून आणि गृहपाठ मिळतो आम्हाला. पासवर्ड बदला, ओटीपी देऊ नका, जागरूक राहा. मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्या बेंगळुरू कार्यालयाने सांगितलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं आणि सांगितलं, नेहमीची सावधगिरी बाळगा. तोवर माझ्या झेरॉक्स कुर्ल्यातल्या निम्म्या दुकानांत पोचल्या होत्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. वाचून छाती भरून आली. पुढे वाचलं: तो जातो सरकारच्या संचित निधीत. ज्याचं गेलं त्याला काय? त्याच्यासाठीही एक कलम आहे. त्याने खोटी किंवा उथळ तक्रार केली, तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड.

तरी गृहपाठ मी केला, आणि सगळ्यांना ओळीत बसवून करून घेतला. आधारचे बोटांचे ठसे लॉक केले. सरकारच्या 'संचार साथी'वर आमच्या नावाची सिम कार्डं तपासली. वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट काढून न घेतलेलं कर्ज शोधलं, घेतलेलंच तेवढं सापडलं. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, हे फ्रिजवर लिहून लावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, पिनही तिथेच लिहा, शोधावा लागणार नाही."

राहिला बँकेचा गुप्त प्रश्न: तुमच्या आईचं लग्नाआधीचं आडनाव. त्यात 'ळ' आहे, यापलीकडे काही सांगत नाही. परवा बँकेच्या मुलीने फोनवर विचारलं, मी तिला समजावं म्हणून 'ल' म्हणून सांगितलं, तर आतून आई कढई खाली ठेवून ओरडली, "ल नाही, ळ! ळ!" आणि मग अख्खं आडनाव, सुटं सुटं, दोनदा. शेजारच्या दोन बिऱ्हाडांनाही आता माझ्या खात्यात शिरता येईल.

तेव्हा लक्षात आलं की हे आडनाव या घरात मी कित्येक वर्षांत ऐकलंच नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा तिचं पहिलं नावही गेलं. त्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. शाळेचा दाखला २००५ च्या सव्वीस जुलैला पाण्यात गेला. आम्ही तर कधी विचारलंच नाही. तिचं माहेर नेमाने विचारतं ते फक्त कस्टमर केअर, तेही माझी ओळख पटवायला. आम्ही विसरलो ते यंत्राने लक्षात ठेवलं, आणि तेच आता चोराच्या यादीत जायचं.

यावर जाणकारांचा सल्ला असा की गुप्त प्रश्नाला खरं उत्तर देऊच नये, काहीतरी बनावट टाकावं. मी आईला म्हटलं, "तुझं माहेरचं आडनाव बदलायचं आहे. बँकेपुरतं."

ती चष्मा पुसत म्हणाली, "लग्नात एकदा बदललं, आता बँकेसाठी परत?"

"सुरक्षेसाठी गं. खोटं टाकायचं."

"खोटं टाकायचं तर सासरचं टाक. माहेरचं आहे ते राहू दे."

म्हणून माझ्या खात्यावर अजून खरंच आडनाव आहे. हॅकरला ते मिळालंच, तर त्याने 'ळ' तेवढा नीट म्हणावा. नाहीतर आई त्यालाही दोनदा सांगेल.