अण्णाजींची बाजू

संगीतावर मत नसलेला माणूस भातकुलीत सापडेल. अण्णाजींचं मत नाही असं संगीत सापडणार नाही. पानठेल्यावर कोणी नुसतं गुणगुणलं तरी ते मान तिरपी करून विचारतात, "पुरी कॅसेट ऐकली का याची? नाही? मंग बोलू नोको." सुटं गाणं ऐकणाऱ्याला ते रसिकांत धरत नाहीत. बाजू लावली की संपेपर्यंत ऐकायची, नावडतं गाणं पुढे पळवायचं नाही, हा त्यांचा नेम. नावडतं गाणं पळवणारा उद्या पंगतीत नावडता पाहुणाही गाळेल, असं त्यांचं म्हणणं.

गाव खारपाणपट्ट्यातलं. "ज्याचा जनमभराचा चहा खाऱ्या पाण्याचा, त्याले गोड गळा लवकर समजते," हा अण्णाजींचा सिद्धान्त. तो अजून कोणी खोडलेला नाही, कारण खोडायला गेलेल्याला आधी तो चहा प्यावा लागतो.

ओसरीत बंगई, बंगईवर टेप आणि खाली पत्र्याच्या पेटीत कॅसेटी. पेटीत एक सहा कोनांची पेन्सिलही असते. तिनं आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. ढिली पडलेली टेप आवळणं एवढंच तिचं काम. दर अमावास्येला स्पिरिटचा बोळा घेऊन अण्णाजी हेड पुसतात. त्या वेळी घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही.

त्यांची मतं ठाम आणि प्रसंगवार असतात. 1974 साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून लताबाई आणि हृदयनाथांची 'शिवकल्याण राजा' निघाली, तिच्यात बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन आहे. ती अण्णाजी फक्त फेरफाराच्या कामासाठी कचेरीत जायच्या सकाळी लावतात. "हे ऐकून गेलं का साहेब लहान दिसते." काम होत नाही, पण परत येताना अण्णाजींची छाती तेवढीच फुगलेली असते.

जगजीत आणि चित्रा सिंग यांच्या 'अनफर्गेटेबल्स'मधली उर्दू त्यांना कळत नाही. "समजाची गरज काय? उधारी मागाव तं अशा आवाजात. देणाऱ्यालेच लाज वाटली पाह्यजे." पण गझल दुसऱ्या कोणाची असू शकते हे त्यांना मान्य नाही. सुरेश भट 1932 साली अमरावतीत जन्मले, भीमराव पांचाळे आष्टगावचे; म्हणजे गझल आपल्याच जिल्ह्याची, बाकीच्यांनी इथून नेली. मास्तरांनी एकदा विचारलं, "आणि गालिब?" अण्णाजी हळहळले, "थे दिल्लीतच राह्यले. त्याइची सोय नाही झाली."

भाचा इंजिनिअरिंगला असताना मायकल जॅक्सनची 'थ्रिलर' घेऊन आला. त्या नावाच्या गाण्याच्या सुरुवातीला दार करकरतं, मग पावलं वाजतात. अण्णाजींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "वाडा मोठा दिसते, पण बिजागऱ्याइले तेल नाही." तरी नेमाप्रमाणे दोन्ही बाजू ऐकल्याच. शेवटी शेरा मिळाला, "मेहनती पोरगा आहे." तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांना मात्र ते नंबर देत नाहीत. "मोझरीले नंबर देणारे आपण कोण?"

पहिला नंबर 'कॉल ऑफ द व्हॅली'चा. 1967 सालची तबकडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काबरांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. अण्णाजींनी ती अमरावतीहून साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटीवर भरून आणली. तबकडीची एकेक बाजू वीस मिनिटांच्या आसपास, कॅसेटची तीस. उरलेली टेप वाया कशाला घालवायची म्हणून भरून देणाऱ्या भल्या माणसानं बी बाजूला पहाडीच्या मागोमाग आनंद शिंदे यांचा पोपट भरला, आणि त्याच्यामागे आणखी एक गाणं, टेप संपेल तिथपर्यंत. तेव्हापासून त्यांचा मेंढपाळ दिवसभर मेंढ्या चारतो, रात्री पहाडी ऐकतो आणि मग पोपटावर नाचून झोपतो. "दिवसभर उन्हात राबलेला माणूस आहे, करमणूक नको का त्याले?"

'राम श्याम गुणगान'चंही तसंच. लताबाई, भीमसेन आणि खळेकाकांचं संगीत, पण अण्णाजींच्या भरून आणलेल्या प्रतीचे मागचे कान तोडायचे राहून गेले. एकदा चुकून लाल बटण दाबलं गेलं आणि एका भजनाच्या मध्येच काकूंचा आवाज उमटला, "तुरीची डाळ सरली, सांगून ठेवते." ते पुसायला अण्णाजी तयार नाहीत. ती जागा आली की पंडितजींना द्यावी तशी ते काकूंनाही दाद देतात. काकू म्हणतात, "डाळ थेव्हाही नाही आणली."

गेल्या दिवाळीत पुण्याचा नातू आला. त्यानं फोनवर 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली, आवाज असा स्वच्छ की बंगईची कडीसुद्धा थांबली. पहाडी संपली. अण्णाजी वाट पाहत राहिले.

"पुढचं?"

"संपला अल्बम, आबाजी."

"असा कसा संपला? पोपट कुठी आहे?"

पोरगं समजूतदार. त्यानं पोपट शोधला, पहाडीच्या मागे जोडला, काकूंना विचारून त्याच्यामागचं गाणंही शोधलं. अण्णाजी खूश झाले, मांडीवर ठेका धरू लागले. दुसऱ्या गाण्याचं एक कडवं झालं, दुसरं अर्ध्यात आलं आणि अण्णाजींनी हात वर केला. "बस. बंद कर."

"अहो, गाणं अजून बाकी आहे!"

"बाजू सरली इथं. पलटव."

नातवानं फोनकडे पाहिलं, आबाजींकडे पाहिलं, आणि फोन बंगईवर पालथा घातला.

"हं," अण्णाजी म्हणाले, "आता लाव अहिरभैरव."