बिनपगारी मासा

घरात माशांची काचपेटी असली की नागपुरात येणारा पाहुणा आधी विचारतो, "पाणी किती दिवसांनी बदलता?" ते सांगून होईस्तोवर त्याचं बोट तळाशी मिशा हलवत हिंडणाऱ्या माशावर गेलेलं असतं. "अन् हे काय काम करते जी?"

एंजलफिशला हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो दिवसभर एका जागी उभा राहून स्वतःची प्रतिष्ठा सांभाळतो, एवढं पुरतं. गप्पीला तर संसार वाढवण्यापलीकडे उद्योग नाही, त्याचंही कौतुकच होतं. कॅटफिशला मात्र दारातच कामाचं विचारतात. बिचाऱ्याचा रंग मातकट, तोंड खाली वळलेलं आणि मुक्काम तळाशी. एवढ्यावरून आपण त्याची नोकरी ठरवून टाकतो, आणि तीही बिनपगारी.

दुकानदारही याला हातभार लावतात. सीताबर्डीपासून सदरपर्यंत कुठेही जा, उत्तर ठरलेलं: "सारी घाण साफ करून टाकते ताई, तुम्हाला काही पाहायचंच काम नाही." यातलं खरं इतकंच, की वरच्या माशांनी सांडलेले दाणे तो वेचतो. दुसऱ्यांची विष्ठा कुठलाही शहाणा कॅटफिश खात नाही. उलट तो स्वतः जेवतो, म्हणजे त्याचीही भर त्याच पाण्यात पडते. सफाईसाठी मासा आणणं म्हणजे घरात पसारा फार होतो म्हणून आणखी एक बिऱ्हाड ठेवून घेणं.

या सफाईच्या नादात घरी येतो तो 'सकर'. दुकानात बोटाएवढा असतो, काचेला तोंड लावून बसलेला, दिसायला अगदी गरीब. वर्षा-दीड वर्षात तो वीतभर होतो आणि पुढे फूटभरापलीकडे जातो. हौसेनं लावलेली झाडं त्याच्या एका शेपटीसरशी मुळासकट वर येतात. मग घरातला कोणी दयाळू माणूस त्याला बादलीतून तलावावर नेतो आणि 'सोडलं बाप्पा एकदाचं' म्हणत पुण्य गाठीला बांधून परततो. हे पुण्य कुठवर पोचतं ते उजनी धरणाच्या मच्छिमारांना विचारावं. दक्षिण अमेरिकेतला हा मासा त्यांच्या जाळ्यात येतो. अंगावरच्या हाडासारख्या कवचानं आणि काट्यांनी जाळी फाटते, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. सकरच्या शेजारच्या पेटीत 'शार्क' म्हणून जे रुपेरी पिल्लू विकतात, तोही कॅटफिशच, पंगास. तो मीटरभर वाढतो. हॉटेलात बासा म्हणून जे ताटात येतं ते बहुतेकदा हेच. एकाच माशाला एका दुकानात शार्कचा मान आणि दुसऱ्या दुकानात टार्टर सॉस.

झाडांच्या पेटीला शोभणारा कॅटफिश म्हणजे कोरीडोरस. दोन-अडीच इंचांचा आटोपशीर जीव, आणि त्यातला पिग्मी तर इंचभराचाच. तळाला बारीक वाळू घालून एकदा समोर बसा. तो तोंड वाळूत खुपसतो, घास घेतो, खायचं तेवढं ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून धुरळ्यासारखी बाहेर सोडतो. टोकदार खडी असली तर मिशा झिजतात, म्हणून दुकानात रंग पाहण्याआधी मिशा पाहाव्यात. मधेच तो तीरासारखा वर जाऊन हवेचा घोट घेऊन येतो. ही हवा तो आतड्यातून वापरतो, त्यामुळे एखाददुसरी चक्कर पाहून घाबरायचं कारण नाही. मात्र सगळेच सारखे वर-खाली करू लागले तर पाण्यात काहीतरी बिघडलं आहे. आणि डोळा! त्याला पापणी नाही, तरी बुबुळ खाली फिरवून तो चक्क डोळा मारतो. कामाचा प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्याला याहून चोख उत्तर मला सुचलेलं नाही.

खानदानही मोठं आहे. ठिपक्यांच्या कोरीडोरसचे नमुने 'बीगल' जहाजाच्या सफरीत डार्विननं गोळा केले आणि १८४२ मध्ये जेनिन्सनं त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. २०२४ साली शास्त्रज्ञांनी या कुटुंबाच्या वाटण्या करून बहुतेकांना वेगवेगळी आडनावं दिली. दुकानात अजून सगळे 'कोरी'च आहेत.

पण डार्विनचा हा मासा नागपूरकरांनी घेऊ नये. त्याला वीस ते चोवीस अंशांचं पाणी मानवतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. इथे कोरीडोरसमधला स्टर्बाय घ्यावा. अंगावर पांढरे ठिपके, छातीच्या परांना नारिंगी झाक, आणि अठ्ठावीस अंशांतही खुशाल. पाणी त्याहून तापलं तर पेटीच्या तोंडाशी छोटा पंखा लावायचा. पाण्याची वाफ होते आणि तापमान दोन-तीन अंश उतरतं. आपल्या कूलरचंच हे शास्त्र, म्हणून कूलरच्याच खोडीही त्यात आहेत: जूनमध्ये हवा दमट झाली की दोघंही हात टेकतात. शिवाय उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून नुसती भर घालत न राहता थोडं पाणी बदलावंच लागतं.

देशी हवा असेल तर पर्याय थोडे आहेत. टेंगरा आपला असला तरी छोट्या टेट्रांच्या शेजारी ठेवला की सकाळी हजेरीत एकेक टेट्रा कमी भरतो. त्याची जागा रश्शात. ईशान्येकडचा हारा इंच-दीड इंचाचा आणि फार देखणा, पण दिवसभर पानाखाली दगड होऊन पडतो आणि त्याला गारवा लागतो. झाडांच्या बाबतीत मात्र देशीपणा सोपा आहे. भंडारा-गोंदियाच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांत जी हायड्रिला फुकट माजते, तीच दुकानात रबरबँड लावून जुडीनं विकतात.

शेवाळ खरोखर खाणारा छोटा मासा म्हणजे ओटो. पण तो बहुधा नदीतून पकडलेला, प्रवासात उपाशी राहिलेला असतो. पोट खपाटीला गेलेला ओटो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, आणि नव्या चकचकीत पेटीत तर मुळीच सोडू नका. तिथे त्याला खायला शेवाळच नसतं.

तेव्हा घ्यायचे असतील तर पावसाळा लागू द्या आणि एकाच जातीचे सहा स्टर्बाय आणा. एकटादुकटा कोरी कोपऱ्यात दडून बसतो. रात्री दिवा घालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका, आणि काच तुम्हीच पुसा.