विमान तयार आहे, फक्त द्यायचं राहिलंय

२५ सप्टेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने ९७ तेजस मार्क-१ए विमानांच्या खरेदीचा करार केला. रक्कम ६२,३७० कोटी रुपयांच्या वर. दुसऱ्याच दिवशी चंडीगडच्या हवाई तळावर मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. तेजस ज्याच्या जागी यायचं होतं, ते हेच मिग-२१. आता तुम्हीच सांगा, इतकं काटेकोर नियोजन दुसऱ्या कुठल्या देशाला जमलं असतं? आज नव्याची ऑर्डर, उद्या जुन्याला नारळ. एक दिवससुद्धा वाया गेला नाही. मध्ये विमान तेवढं नाही. पण नियोजनाचं कौतुक करायला बसलं की असल्या किरकोळ बाबींकडे बघायचं नसतं.

काही कुजकट लोक लगेच विचारतात, आधीच्या ऑर्डरचं काय झालं? आधीची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची. ८३ विमानं, सुमारे ४८,००० कोटी रुपये. पहिली विमानं २०२३-२४ या आर्थिक वर्षात मिळायची होती. शब्दाला जागून २८ मार्च २०२४ रोजी, म्हणजे आर्थिक वर्ष संपायला तीन दिवस उरले असताना, पहिलं मार्क-१ए बंगळुरूच्या आकाशात झेपावलं. झेपावलं, फिरलं, उतरलं आणि कारखान्यातच राहिलं. २०२५ साल सरलं तरी त्या ८३ पैकी एकही हवाई दलाच्या ताब्यात आलेलं नव्हतं. तुमच्या-माझ्यासारख्या कोत्या मनाच्या माणसाने अशा वेळी दिलेला ॲडव्हान्स परत मागितला असता. सरकारने आणखी ९७ मागवली.

हा प्रकल्प मंजूर झाला १९८३ साली, कपिल देवने लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला त्या वर्षी. तरतूद ५६० कोटी रुपये. पुढच्या वर्षी बंगळुरूला त्यासाठी खास संस्था निघाली. १९८५ मध्ये हवाई दलाने आपल्याला नेमकं काय हवं ते लिहून दिलं. विमानं १९९४ पर्यंत हवी होती. १९९४ आलं, गेलं. १९९५ च्या नोव्हेंबरात मात्र विमान बाहेर आलं. गैरसमज नको, उडालं नाही, बाहेर आलं. हँगरच्या बाहेर. त्याचाही सोहळा झाला. उडायला जानेवारी २००१ उजाडलं. २००३ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी त्याचं नाव ‘तेजस’ ठेवलं. बारसं झालं, पण बाळ दलात जायला अजून तेरा वर्षं होती.

पुढचा भाग मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. इमारत धोकादायक ठरलेली असते. पुनर्विकासाचा करार होतो, भूमिपूजन होतं, रंगीत ब्रोशर घरोघर पोचतं. मग पुष्कळ वर्षांनी बिल्डर सांगतो की लिफ्ट अजून नाही, गॅसची लाइन नाही, पाणी टँकरचं आहे, पण पार्ट ओसी आलीय, तेव्हा अभिनंदन. तेजसला अशी प्रारंभिक मान्यता जानेवारी २०११ मध्ये मिळाली. तिच्यात बरंच राहून गेलं होतं म्हणून डिसेंबर २०१३ मध्ये दुसऱ्यांदा प्रारंभिक मान्यता मिळाली. एकच प्रारंभ दोनदा करण्याची ही कामगिरी आपल्या नावावर आहे. अंतिम मान्यता फेब्रुवारी २०१९ मध्ये. मधल्या काळात, २०१५ साली, कॅगने मोजदाद केली तेव्हा हवाई दलाने मागितलेल्यापैकी ५३ गोष्टींमध्ये विमान कमी पडत होतं. त्यातल्या ३३ बाबतींत तात्पुरती सूट दिलेली होती आणि २० बाबतींत कायमची. म्हणजे लिफ्ट पुढे येईल, पण गच्ची विसरा. स्वदेशी भाग ७० टक्के असायचा होता, तो ३५ टक्क्यांच्या आसपास निघाला. आणि रहिवासी? ते धोकादायक इमारतीतच होते. मिग-२१ उडवत.

१ जुलै २०१६ रोजी तेजसची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा-अठरा विमानं असतात. हिच्यात दोन होती. निदान जोडी तरी जमली.

आता या सगळ्याचा दोषी शोधायला निघालात तर तुमची निराशा होईल. मी शोधून पाहिलंय. दोषी कोणीच नाही, आणि प्रत्येकाकडे त्याचा पुरावा आहे.

इंजिनापासून सुरुवात करू. विमान आपलं तर इंजिनही आपलंच, असं ठरलं. नाव ठेवलं कावेरी. (नद्यांची एवढी नावं असताना जिच्यावरून दोन राज्यं वर्षानुवर्षं न्यायालयात उभी आहेत तीच नदी कोणाला सुचली असेल?) १९८९ मध्ये ३८३ कोटींच्या आसपास रक्कम मंजूर झाली. इंजिन घडलं, पण हवं त्यापेक्षा जड आणि हव्या त्यापेक्षा कमी जोराचं. २००८ मध्ये कावेरी आणि तेजस यांची अधिकृत फारकत झाली. नांदले मात्र कधीच नव्हते; तेजस पहिल्यांदा उडालं तेच मुळी अमेरिकी इंजिनावर.

अमेरिकेकडेही कारण आहे. १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, निर्बंध आले, उड्डाण-नियंत्रणाच्या कामासाठी तिकडे गेलेल्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवण्यात आलं. इथे थट्टा बाजूला ठेवून सांगायला हवं की त्या अभियंत्यांनी ती प्रणाली इथे येऊन स्वतः उभी केली, आणि तीन वर्षांत तिच्या भरवशावर विमान उडालं. २००१ पासून मार्च २०२४ पर्यंत एकही तेजस कोसळलं नाही. नवीन लढाऊ विमानाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही. ज्यांच्याकडे उशिराचं सर्वांत मोठं कारण होतं, त्यांनीच ते कमीत कमी वापरलं.

हवाई दलही निर्दोष आहे. त्यांनी फक्त मधूनमधून मागणी बदलली. पंखाखाली आधी आर-६० क्षेपणास्त्र असायचं होतं; मग त्याच्या दुप्पट वजनाचं आर-७३ हवं झालं, आणि पंखाचं गणित पुन्हा मांडावं लागलं. हवेत इंधन भरायची सोय हवी झाली. तीस वर्षांत जग बदलतं, शत्रू बदलतो, मग मागणी बदलणारच. विमान उशिरा येतं म्हणून मागणी बदलते आणि मागणी बदलते म्हणून विमान उशिरा येतं. शिवाय २०२१ पर्यंत त्यांनी मागवलेली विमानं होती एकूण ४०.

बनवणारी एचएएल सांगते, सांगाडे तयार आहेत, इंजिनं आली की बसवतो. हेही खरं. ९९ इंजिनांची ऑर्डर ऑगस्ट २०२१ ची, आणि त्यातलं पहिलं इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीने सुपूर्द केलं मार्च २०२५ मध्ये. जीईला विचारावं तर ती म्हणते, आम्ही २०१६ पर्यंत आधीची सगळी ६५ इंजिनं दिली, पुढे तुमची मागणीच आली नाही, म्हणून ते उत्पादन बंद केलं. बंद पडलेलं पुन्हा सुरू करायला वेळ लागतो. म्हणजे आपण ऑर्डर द्यायला उशीर केला म्हणून इंजिनाला उशीर झाला, इंजिनाला उशीर झाला म्हणून विमानाला उशीर झाला, आणि विमानाला उशीर झाला म्हणून आपण ऑर्डर द्यायला कचरत होतो. गोल पूर्ण झाला. या गोलात कुठेही बोट ठेवा, तिथला अधिकारी शेजारच्याकडे बोट दाखवेल आणि ते बोट बरोबर असेल.

स्वीडनचं उदाहरण देणं हल्ली देशद्रोहात मोडत नसावं, म्हणून देतो. साधारण आपल्याच सुमाराला त्यांनीही एक छोटं, एका इंजिनाचं, त्रिकोणी पंखांचं लढाऊ विमान करायला घेतलं. ग्रिपेन. इंजिन आम्हीच शून्यापासून करू, असा हट्ट धरला नाही. तेजसमध्येही जे आहे त्याच जीईच्या एफ-४०४ इंजिनावर आपले संस्कार करून ते बसवलं. १९८८ मध्ये ते उडालं, १९९६ मध्ये दलात आलं. एक प्रायोगिक विमान तर उतरताना जगाच्या डोळ्यांदेखत उलटंपालटं झालं होतं. चूक शोधली, दुरुस्त केली, पुढे गेले. पण त्यांची लोकसंख्या मुंबईपेक्षा कमी, त्यामुळे कारणं सांगायला माणसंच पुरत नसतील.

आपल्याकडे खरी गंमत पैशांच्या गणितात आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. विमान घेणारं सरकार. बनवणाऱ्या कंपनीचे सत्तर टक्क्यांहून अधिक समभाग सरकारचे. उशिराबद्दल दंड करायचा म्हटलं तरी तो बव्हंशी सरकारच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात जाणार. दुसरा कोणी बनवणारा नाही, त्यामुळे ऑर्डर दुसरीकडे जायची भीती नाही. वर शेअर बाजाराची तऱ्हा बघा. कंपनीची तब्येत ‘ऑर्डर बुक’वरून जोखतात. ऑर्डर बुक म्हणजे घेतलेल्या पण अजून न पुरवलेल्या मालाची यादी. विमान वेळेवर दिलं तर यादी बारीक होते. नाही दिलं तर जाड राहते. जाड यादी बघून गुंतवणूकदार खूश. पुरवठा सुरू व्हायची मुदत टळून गेल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, एचएएलला ‘महारत्न’ दर्जा मिळाला.

हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांना मात्र ही प्रगती दिसत नसावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एरो इंडियात त्यांनी एचएएलच्या लोकांना तोंडावर सांगितलं की तुमच्यावर विश्वास वाटत नाही. मे महिन्यात दिल्लीत उद्योगपतींसमोर ते म्हणाले की वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प आपल्याला आठवत नाही. जे पाळता येणार नाही त्याचं वचन देताच कशाला? भाबडा प्रश्न आहे. खरी तारीख सांगितली तर प्रकल्प मंजूरच होणार नाही, हे दिल्लीतल्या कारकुनालाही ठाऊक असतं.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी हा सोहळा आपल्या दारात आला. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तेजसची नवी उत्पादन साखळी सुरू झाली, संरक्षणमंत्र्यांच्या साक्षीने तिथलं पहिलं मार्क-१ए उडालं. वर्षाला आठ विमानांची क्षमता. नाशिककरांना अभिमान वाटलाच पाहिजे, मलाही वाटला. ओझरचा हा कारखाना निघाला १९६४ मध्ये, मिग-२१ बांधण्यासाठी. मिग-२१ ची जागा घेणारं विमान त्याच आवारातून आकाशात गेलं तेव्हा मिग-२१ ला निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते. एचएएलचं बीज रोवलं तेही सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, डिसेंबर १९४० मध्ये. महायुद्ध पेटलेलं, राज्य परक्यांचं, माल साता समुद्रापलीकडून यायचा. तरी १९४१ मध्येच त्यांच्या कारखान्यातून जोडणी केलेलं पहिलं विमान उडालं. ते लढाऊ नव्हतं, आराखडा आपला नव्हता, सगळं मान्य. बिचाऱ्यांकडे उच्चाधिकार समिती नव्हती एवढंच.

आणि हा सगळा वेळ कोणी भरून काढला, तेही सांगायला हवं. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले होते: तोपर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात आणि १७१ वैमानिकांचा मृत्यू. यातला प्रत्येक अपघात तेजसच्या उशिरामुळे झाला असं म्हणणं खोटं ठरेल. पण १९९४ नंतर मिग-२१ घेऊन जो जो उडाला, तो आपल्या सरकारने आपल्यालाच दिलेली मुदत उलटून गेल्यानंतर उडाला. जानेवारी २००१ मध्ये तेजसच्या पहिल्या उड्डाणाच्या टाळ्या वाजल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात राजस्थानात सुरतगडला मिग-२१ कोसळून एक तरुण मराठी वैमानिक गेला. चूक त्याचीच असा ठपका ठेवला गेला, आणि तो पुसायला त्याच्या आईला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. अख्ख्या गोलात कोणाचीच चूक नसलेल्या या व्यवस्थेला चूक ठरवायला एक माणूस सापडला होता. तो उत्तर द्यायला जिवंत नव्हता.

मिग-२१ गेल्यावर हवाई दलाकडे स्क्वाड्रन उरल्या २९. मंजूर आहेत ४२. पुढे तेजस मार्क-२ यायचं आहे, त्यापुढे पाचव्या पिढीचं एएमसीए. त्याच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये १५,००० कोटी मंजूर झाले. त्यांच्या तारखाही जाहीर होत असतात, आणि बदलतही असतात.

म्हणून वाचकांना एकच विनंती. दरवर्षी संसदेत एक पानभर कागद ठेवला जावा असा आग्रह धरा. प्रत्येक करारापुढे चारच रकाने हवेत: विमानं किती ठरली, कधी द्यायची होती, किती दिली, आणि मुदत चुकली तेव्हा त्या खुर्चीत कोण होतं. त्यात कुठलंही गुपित फुटत नाही. आपल्याकडे विमानं किती नाहीत, हे शेजाऱ्यांना आपल्याआधी कळतं. नव्या ९७ विमानांचा पुरवठा २०२७-२८ मध्ये सुरू व्हायचा आहे. तुमच्या खासदाराकडे हा कागद त्याआधी मागा.