पायात बेडी, तीही पाच क्विंटल कापसाची!

ऐकलं का? परवा आमच्या देऊळघाटात, भर लग्नाच्या मांडवात, नवरदेवाचा एक दोस्त बुटांवर अस्वलाची मुंडकी लावून आला! डाव्या पायावर एक, उजव्यावर एक. मंगलाष्टकं चालू, आणि बायांच्या निम्म्या अक्षता त्या अस्वलांवर. शेजारची आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "काय बाप्पा, पोट्ट्यानं कोनाचं खेळणं तुडवत आणलं का?"

माल नकली, हे उघडच होतं. पण या थेराला अस्सल बापही आहे. जेरेमी स्कॉट त्याचं नाव, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा फॅशन डिझायनर. १९९७ साली पॅरिसात त्यानं पहिला शो केला, तो दवाखान्यातल्या कागदी गाऊनचा! आपल्याकडे तो गाऊन अंगावर चढला की माणूस व्याह्यालासुद्धा तोंड दाखवत नाही. पुढे आदिदाससाठी त्यानं बुटांना पंख लावले, टेडी अस्वलं लावली, आणि शहाण्यासुरत्या माणसांनी ती हौसेनं मिरवली.

२०१२ च्या जूनमध्ये मात्र गडी घसरला. नवा बूट काढला, त्याच्या घोट्याला नारिंगी प्लास्टिकची साखळी आणि बेडी! फेसबुकवर चित्र आलं नि भडका उडाला. काळ्या माणसांच्या गुलाम आजे-पणजांच्या पायांत ठोकलेल्या बेड्या आता फॅशन म्हणून विकता? नागरी हक्क चळवळीतले जेसी जॅक्सनही कडाडले. ऑगस्टमध्ये दुकानात यायचा बूट जूनमध्येच गुंडाळला.

किंमत ऐकून घ्या. ३५० डॉलर. तेव्हाच्या भावानं वीस हजारांच्या आसपास. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ३,९०० रुपये. म्हणजे पाच क्विंटल कापूस घाला आणि वर पायात बेडी घ्या. इकडे लग्नात बेडी फुकट मिळते, असं मांडवातले काका म्हणाले. काकू ऐकत होत्या, ते पुढचं त्यांचं त्यांनी निस्तरलं.

स्कॉटचं म्हणणं काय, तर मला गुलामी सुचलीच नाही, सुचला तो 'माय पेट मॉन्स्टर'. हे १९८६ चं अमेरिकन खेळणं. निळ्या झिपऱ्यांचा, दात विचकणारा मऊ राक्षस, मनगटांत नारिंगी प्लास्टिकच्या बेड्या. पोरांनी त्या ताडकन तोडायच्या, पुन्हा अडकवायच्या. १९८७ मध्ये त्याची कार्टून मालिकाही आली. तेव्हा कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत.

मला विचाराल तर गडी खोटं बोलत नसावा. रंग तोच, प्लास्टिक तेच. पण राक्षसाची बेडी होती हाताला, ह्यानं नेली घोट्याला! कपड्यांत उभी हयात घालवलेला माणूस, आणि मनगट कुठं, घोटा कुठं, हे कळू नये? आमच्या गावातला शिंपी बाहीचं माप पायजम्याला लावत नाही हो.

आजीला मोबाइलवर तो बूट दाखवला. ती खूश! "चांगलाच हाये की. यात्रेत कोनी पळवनार नाही." मग गुलामांचं सांगितलं, त्यांना आणणाऱ्या जहाजांचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. "मंग कायले घालावं ते?" म्हणून तिनं फोन परत दिला.

आणि एवढा बभ्रा झालेल्या माणसाचं पुढं काय झालं? आपल्याकडे पंगतीत वरण सांडलं तरी वीस वर्षं नाव निघतं. ह्याला २०१३ च्या ऑक्टोबरात इटलीच्या मोस्किनो या फॅशन कंपनीनं थेट गादीवर बसवलं! २०१४ च्या पहिल्याच शोमध्ये यानं बर्गरवाल्या मॅकडोनाल्डचा लाल-पिवळा थाट आणि स्पंजबॉब हे कार्टून बायांच्या अंगावर चढवलं. गादी २०२३ पर्यंत टिकली. घ्या!

तिकडे मांडवात पंगत बसली. बूट बाहेर काढायचे म्हणताच आमच्या अस्वलवाल्याचा जीव खालीवर. शेवटी दोन्ही बूट मांडीवर घेऊन बसला. वरणबट्टी आली, वांग्याची भाजी आली, आणि दोन अस्वलं पत्रावळीवर नाक रोखून बघत होती. वाढप्यानं विचारलं, "यायलेबी वाढू का?"