मला विचारल्याशिवाय

तळेगाव दाभाड्याच्या एमआयडीसीत आणि तिच्या आसपास लहानमोठी वर्कशॉपं आहेत. तिथल्या मालकाला कामाचा कंटाळा आहे, असं त्याचा शत्रूही म्हणणार नाही. सकाळी शटर तोच वर करतो, रात्री कुलूप तोच ओढून बघतो, आणि मधल्या वेळात पर्चेस, डिस्पॅच, क्वालिटी, बँक, चहातली साखर आणि संडासातलं फिनेल एवढी खाती जातीने सांभाळतो. कारखान्यात सुपरवायझर असतो, त्याच्या केबिनवर पाटीही असते. पण नटबोल्टचं पाकीट आणायचं झालं तरी तो ‘शेठना विचारतो’ म्हणतो. शेठ त्या वेळी तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकलेले असतात. गेटवर माल भरलेला टेम्पो उभा असतो, कारण चलनावर सही नाही. दोन तासांनी सही होते, टेम्पो निघतो आणि त्याच रांगेत उलट्या दिशेने जाऊन उभा राहतो. संध्याकाळी शेठ घरी सांगतात, ‘मी नसलो की तिथलं पानही हलत नाही.’ सूर तक्रारीचा असतो, पण तो अभिमानाने इतका भरलेला असतो की घरातलं कोणी सांत्वन करायच्या भानगडीत पडत नाही.

यावर व्यवस्थापनाची शिबिरं घेणारे तज्ज्ञ ‘कामं वाटून द्या’ असा सल्ला देतात. तो फुकट जातो, कारण कामं आधीच वाटलेली असतात. वाटलेला नसतो तो निर्णय. ‘तू बघ सगळं, फक्त फायनल करायच्या आधी मला विचार’ हे वाक्य बोलताना मालकाला आपण राज्य देऊन टाकतो आहोत असं वाटतं आणि ऐकणाऱ्याला आपण निरोप्या आहोत हे कळतं. पोरगा तीन ठिकाणची कोटेशनं आणतो, त्यांचा तक्ता करतो, आणि ऑर्डर जाते साडूच्या ओळखीच्या चौथ्या माणसाला. हे दोनदा झालं की तिसऱ्या वेळी तो तक्ता करत नाही. चौथ्या वेळी विचारही करत नाही, कारण त्याचा पगार विचाराचा नाही हे त्याला उमगलेलं असतं. मग मालक जगाला सांगतात, ‘हल्लीच्या पोरांना डोकंच नाही.’ हा माल त्यांच्याच कारखान्यात तयार झालेला असतो आणि त्याला रिजेक्शन मात्र लागत नाही.

मालकाची बाजूही खोटी नाही. त्याने घर तारण ठेवून पहिला लेथ घेतला, त्यावर रात्रपाळी स्वतः केली, आणि आजही टूल बोथट झालं की नुसत्या आवाजावरून त्याला कळतं. धंदा म्हणजे बरीच वर्षं त्याचे दोन हातच होते. अडचण अशी की धंदा वाढला आणि हात दोनच राहिले. माणूस बायकोमुलांच्या आग्रहाखातर लोणावळ्याला जातो, भूशी डॅमच्या पायऱ्यांवर बसतो, आणि छत्रीखाली मोबाइलवर सीसीटीव्ही लावतो. पडद्यावर चार चौकोन दिसतात. तिसऱ्या चौकोनात कोणी तरी स्टुलावर बसलेलं असतं. फोन जातो. तो माणूस इन्स्पेक्शनचा रिपोर्ट लिहायला बसलेला असतो, आता उभा राहून लिहितो.

‘जातीने लक्ष घातल्याशिवाय कारखाना चालत नाही’ हा सिद्धान्त निदान तळेगावात तरी कोणी मांडू नये, कारण तो या गावाने शंभर वर्षांपूर्वीच खोटा पाडला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगासाठी माणशी एक पैसा गोळा करण्याचा खटाटोप मांडला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना उभा राहिला. ज्याने पैसा दिला त्याला मालक धरलं, तर या कारखान्याला मालक किती होते ते बघा! त्यातल्या प्रत्येकाने भट्टीपाशी येऊन ‘आच जरा वाढवा’ म्हटलं असतं, तर एक बाटली बाहेर पडली नसती. सुदैवाने एका पैशात तळेगावचं तिकीट येत नव्हतं. भट्टीची जबाबदारी जपानात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यावर सोपवली गेली. ज्याला काच कळते त्याने काच करावी, एवढी साधी गोष्ट तिथे घडली. हल्ली ती घडवून आणायला पंचतारांकित हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर घ्यावं लागतं.

‘शिकवलं की पोरगा पळतो’ ही मालकांची लाडकी हरकत. तो पळतो, यात शंका नाही. पैसा फंडाच्या कारखान्यातूनही माणसं शिकून बाहेर पडली आणि देशभरच्या काच कारखान्यांत गेली. पण त्यासाठीच तो कारखाना काढला होता. तिथे काच जितकी तयार व्हायची तितकेच कारागीरही तयार व्हायचे. खाजगी मालकाला एवढं औदार्य परवडणार नाही, हे मान्य. मग त्याने दुसरी बाजू तपासावी: न शिकवलेला पोरगा पळत नाही, तो निवृत्त होईपर्यंत राहतो. यातलं महाग कोणतं, ते मालकाने स्वतःच काढावं. तेवढा हिशेब त्याला येतो.

दुसरी हरकत दर्जाची. ‘मी नजर काढली की माल बिघडतो.’ यावरचं उत्तर मावळातूनच मुंबईला गेलेलं आहे. मुंबईच्या डबेवाल्यांतले पुष्कळ मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली हे काम उभं केलं, असा त्यांचा इतिहास आहे. डबा घरातून उचलणारा वेगळा, गाडीत चढवणारा वेगळा आणि कचेरीत पोचवणारा वेगळा. झाकणावरच्या रंगीत खुणेत स्टेशन, इमारत, मजला सगळं सामावलेलं. गटाला मुकादम असतो, पण दादरला उतरलेल्या डब्याबद्दल त्याला कोणी ‘हा पुढे नेऊ का?’ असं विचारत नाही. विचारलं, तर चर्चगेटचा साहेब उपाशी राहील. नियम झाकणावर लिहिलेला असल्यामुळे तो कोणाच्या तोंडून वदवून घ्यावा लागत नाही. आमच्या वर्कशॉपचा नियम मालकाच्या डोक्यात असतो, आणि ते डोकं त्या वेळी चाकणच्या रस्त्यावर असतं. आणखी एक बघण्यासारखं आहे: चैत्रात गावच्या जत्रा आल्या की डबेवाले बिनदिक्कत रजा घेऊन मावळात येतात. मालक त्याच मावळात राहून जत्रेला जाऊ शकत नाही.

तिसरी हरकत मात्र वजनदार आहे, आणि ती मांडण्याचा सर्वांत मोठा अधिकार तळेगावालाच आहे. ‘सोपवलं की सोपवलेला माणूस मालक होऊन बसतो.’ शाहू महाराजांनी १७१७ साली तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना सेनापती केलं. गुजरातेतला दाभाड्यांचा कारभार बघणारे पिलाजी गायकवाड. १७३१ साली डभईच्या लढाईत खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडले; त्यांच्या आई उमाबाईंनी दौलत सांभाळण्याची शर्थ केली, तरी १७५२ च्या सुमारास पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड पेशव्यांशी तह करून दाभाड्यांपासून सुटे झाले. पुढे गायकवाडांचं बडोदा संस्थान झालं आणि ते १९४९ पर्यंत टिकलं. दाभाड्यांच्या वाट्याला गावाच्या नावातलं आडनाव उरलं. एवढा दाखला डोळ्यांसमोर असताना कोण शहाणा माणूस गल्ल्याची किल्ली देईल?

पण या दाखल्यात नेमकं काय हातून गेलं ते पाहिलं पाहिजे. कारभारी नेमला म्हणून दौलत गेली, असं म्हणावं तर तळेगावात बसून गुजरातचा वसूल करायचा तरी कसा? गेली ती हिशेबाची साखळी. डभईनंतरच्या ठरावाप्रमाणे गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा भाग दाभाड्यांनी वर सरकारात भरायचा होता. तो वर्षानुवर्षं भरला गेला नाही आणि शाहू महाराजांनी कानाडोळा केला. महाराज १७४९ साली गेले आणि नानासाहेब पेशव्यांनी बाकी मागितली, तेव्हा भांडण पेटलं. दुसऱ्या बाजूला राजाराम महाराज १६८९ पासून आठ-नऊ वर्षं दूर जिंजीला होते. इथला कारभार त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांवर ‘हुकूमतपन्हा’ हा किताब देऊन सोडला होता. किताब म्हणजे अधिकार जाहीर केलेला. कोणाची सही चालेल हे सगळ्यांना ठाऊक. औरंगजेब छाताडावर बसलेला असताना राज्य टिकलं. आमच्या मालकाचा प्रकार या दोहोंहून निराळा. फिनेलच्या बाटलीवर त्याची नजर, आणि वर्षाचा ताळेबंद मात्र सीएने बोट ठेवलेल्या जागी न वाचता सही करून मोकळा. जे सोडायचं ते धरलं आणि जे धरायचं ते सोडलं, तर गायकवाड व्हायला कोणाला गुजरातेत जावं लागत नाही. अकाउंटंटच्या टेबलापर्यंत गेलं की पुरतं.

‘सोडून द्या’ म्हटलं की काहींना एकदम वैराग्य आठवतं. जवळच देहू आहे. तुकोबांनी भावाच्या वाट्याची खतं भावाला देऊन आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. तेवढं कोणी मागत नाही. बँकही मान्य करणार नाही. ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी सुपरवायझरच्या सहीने होईल, असा कागद भिंतीवर लावायचा, महिनाअखेरीस हिशेब ओळ न ओळ वाचायचा आणि मधले दिवस तोंड बंद ठेवायचं, एवढंच मागणं आहे. त्यातलं तिसरं कलम सर्वांत अवघड.

शेवटची पळवाट मुलाची. ‘बाहेरच्यावर भरवसा नाही, पण मुलगा आला की सगळं त्याच्याच हाती.’ मुलगा आलेला असतो. पुण्याहून एमबीए करून आला, त्यालाही आता मुलं झाली. कारखान्यात त्याला अजून ‘धाकटे शेठ’ म्हणतात आणि नटबोल्टसाठी तोही वडिलांना फोन लावतो. बाहेरच्यांचं राहू द्या, मालक. निदान या पोराला तरी, त्याचे केस पिकायच्या आत, एक चूक स्वतःच्या हिमतीवर करू द्या.