एका चिन्हाचा पॅच

डेअरीच्या दूध संकलन केंद्रावर काट्याशेजारी जो छोटा डबा असतो, तसला एक डबा मी बनवलाय, असं मी पाहुण्यारावळ्यांना सांगतो. आतलं लिनक्स जगाने लिहिलं, ते गोळा करून डब्यात बसेल असं बांधायचं काम बिल्डरूट करतं, आणि काट्याचं वजन सिरियल पोर्टवरून वाचणारा प्रोग्रॅम कुणा भल्या माणसाने फुकट लिहून ठेवलाय, हे मात्र सांगत नाही. माझं स्वतःचं त्यात एक चिन्ह आहे. मूळ कोडमध्ये ‘एन < ०’ होतं, ते मी ‘एन <= ०’ केलं.

चिन्ह लहान, पण गावात त्याने गोंधळ उडवला होता. काट्याकडून ठरलेल्या वेळात काहीच आलं नाही, तर आमच्या पोर्टवर रीड कॉल शून्य परत करायचा. मूळ लेखकाने ऋण आकडा आला तरच चूक धरली होती. शून्य आलं की प्रोग्रॅम बफरात पडलेलं आधीचंच वजन खुशाल पुढे पाठवायचा. म्हणजे एकाने अठरा लिटर घातलं की त्याच्यामागे तीन लिटरची किटली घेऊन उभ्या असलेल्या आजींनाही अठराची पावती. अशा पावत्यांबद्दल कुणीच तक्रार केली नाही. तक्रार आली ती आजींच्या मागे उभं राहून तीनची पावती मिळालेल्या माणसाची.

पहिल्यांदा मी सरळ ‘आउटपुट’मधल्या ‘बिल्ड’ फोल्डरात शिरलो, बरोबरचं चिन्ह टाकलं, डबा सुधारला, चहा मागवला. मग कुठल्याशा वेगळ्याच कारणासाठी ‘मेक क्लीन’ दिलं. बिल्डरूटमध्ये ‘आउटपुट’ हे भाड्याचं घर. ‘मेक क्लीन’ आलं की भाडेकरूच्या सामानासकट सगळं बाहेर. माझं चिन्हही गेलं. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. बदल टिकवायचा तर त्याची पॅच फाइल करून पॅकेजच्या फोल्डरात ठेवायची, नावाआधी ०००१, ०००२ असे क्रमांक घालायचे, म्हणजे बिल्डरूट दर वेळी ताजा सोर्स उघडून त्याच क्रमाने पॅच लावतं. मॅन्युअल मी नंतर वाचलं. आमच्या धंद्यात मॅन्युअल नंतरच वाचतात.

पॅच फाइल केली. एका चिन्हासाठी एक वजा ओळ, एक अधिक ओळ, आणि जागा ओळखू यावी म्हणून वर तीन, खाली तीन अशा साक्षीदार ओळी. मग ती फाइल ‘जरा नीट दिसावी’ म्हणून एडिटरमध्ये उघडून सेव्ह केली. एडिटर माझ्यासारखाच नीटनेटका. त्याने सगळ्या टॅबच्या स्पेस करून टाकल्या. पडद्यावर ‘हंक #१ फेल्ड’. दोन्ही ओळी शेजारीशेजारी लावून तासन्‌तास पाहिल्या. डोळ्यांना तंतोतंत सारख्या. लॅरी वॉलने ‘पॅच’ हा प्रोग्रॅम १९८५ साली लिहिला आणि दोन वर्षांनी पर्ल भाषा आणली. त्या माणसाला मी त्या दिवशी दोन्हींसाठी बोल लावले. पर्लचा काही संबंध नव्हता.

पॅचच्या डोक्यावर ‘अपस्ट्रीम’ अशी एक ओळ लिहायची असते. हा बदल मूळ लेखकाकडे पाठवलात का, कुठे पाठवलात, ते तिथे नोंदवायचं. मी लिहिलं, ‘पाठवायचं आहे’. ते वाक्य तिथे पिकत राहिलं.

मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी तेच चिन्ह मूळ लेखकाकडे पाठवलं आणि ते स्वीकारलंही गेलं. मला याची गंधवार्ता नाही. मी ऐटीत पॅकेजची नवी आवृत्ती घेतली. बिल्डरूट शहाणं, हा पॅच आधीच लागलेला दिसतोय असं म्हणून थांबलं. मी शहाणा नसल्यामुळे थांबलो नाही. सोर्सच्या दोन प्रती उघडल्या, त्यातल्या एकीवर हाताने ‘पॅच’ चालवलं. त्याने विचारलं, ‘रिव्हर्स्ड ऑर प्रीव्हियसली अप्लाइड पॅच डिटेक्टेड! अझ्यूम -आर? [एन]’. चौकटी कंसात ‘एन’ म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी ‘नाही’. सासरच्या मंडळींनाही इतक्या अदबीने कुणी विचारत नाही. मी ‘वाय’ दाबलं.

‘-आर’ म्हणजे पॅच उलटा लाव. त्याने आज्ञाधारकपणे नव्या आवृत्तीतलं बरोबरचं चिन्ह काढून टाकलं. मी दोन प्रतींमधला फरक काढला, त्याचा नवा पॅच केला, नाव जुनंच ठेवलं: ‘०००१-फिक्स...’. तो बिनतक्रार लागला, बिल्ड पूर्ण झालं, आणि खाली माझ्या नावाची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ. जगाने दुरुस्त केलेली चूक दर बिल्डला न चुकता परत आणून बसवणारी यंत्रणा मी सहीनिशी उभी केली होती.

पहाटे केंद्राच्या सचिवांचा फोन. “साहेब, मशीन परत उदार झालंय.”

ऑफिसात पोचलो तेव्हा टीममध्ये नुकतीच आलेली मुलगी तो पॅच उघडून बसली होती. “सर, एक विचारू? याचं नाव फिक्स आहे, पण ‘बरोबर’ वजा ओळीत आहे आणि अधिक ओळीत नाहीये. मुद्दाम केलंय का?”

“टेस्टिंगसाठी,” मी म्हणालो.

“शेतकऱ्यांवर?”

तिने फाइल उडवली, पॅकेजचं ‘डर्क्लीन’ केलं, पुन्हा बिल्ड केलं. दुसरा पॅच लागलाच नाही. मूळ दुरुस्ती मी कुतूहलाने पाहिली. चिन्ह तेच, पण काट्याची केबल सैल असली की काय होतं, हे त्या गृहस्थाने चार वाक्यांत नीट मांडलं होतं. माझ्या पॅचचं स्पष्टीकरण होतं, ‘बग गेला’.

नवं सॉफ्टवेअर केंद्रावर गेल्यावर सचिवांना फोन केला. पावत्या बरोबर येतायत म्हणाले. फक्त आजी विचारत होत्या, जुनं मशीन भंगारात काढणार असाल तर केवढ्याला द्याल.